न होणाऱ्या कामांची वही

ॲड. इकबाल शिकलगार साहेबांच्या पंच्याहत्तरीचा गौरवग्रंथ निघतोय आणि त्यात मीही लिहायचं, असं समितीनं कळवलं तेव्हा आधी मला हसूच आलं. या ग्रंथात निवृत्त न्यायाधीश लिहिणार, प्राध्यापक लिहिणार. मी साहेबांचा कारकून, त्याआधी त्यांचा पक्षकार, आणि स्वतःचाच दावा भर कोर्टात बुडवायला निघालेला एक नंबरचा शहाणा. पण ती हकीकत माझ्याइतकी कुणाला ठाऊक नाही, म्हणून लिहितो.

नव्वदचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. उचगावजवळच्या एका कारखान्यात मी पॉवर प्रेसवर होतो. एका हातानं पत्रा आत सरकवायचा आणि पायानं पेडल दाबायचं, हे माझं काम. एके दिवशी पाय उचलला तरी प्रेस पुन्हा खाली आला आणि उजव्या हाताची चार बोटं गेली. अंगठा तेवढा राहिला. मालकांनी माझाच निष्काळजीपणा ठरवला आणि मला घरी बसवलं. शेवटी मेव्हण्यांनी ओढतच मंगळवार पेठेत, सायकलच्या दुकानावरच्या साहेबांच्या ऑफिसात नेलं.

रमजानचा महिना होता. साहेबांचा रोजा, पण आलेल्या पावण्यानं चहा न घेता जायचं नाही हा त्यांच्या ऑफिसचा कायदा. मी उजवा हात खिशात ठेवून डाव्या हातानं कप उचलला आणि निम्मा चहा त्यांच्या कागदांवर सांडला. साहेबांनी स्वतःच्या रुमालानं टेबल पुसलं. मग म्हणाले, "चौगुले, इथं हात खिशात ठेवायचा नाही."

साहेबांची एक रीत होती, ती आजही आहे. जखमी कामगार आला की त्याला ते शाळेची कोरी वही देतात. हातानं, पायानं, डोळ्यानं जे जे होत नाही ते त्यात रोज लिहायचं. लिहिता येत नसेल तर घरच्यांनी लिहायचं. कामगाराचं काय गेलं हे डॉक्टरांच्या दाखल्यावर निम्मंच येतं, उरलेलं घरात दिसतं, असं ते सांगतात. मला त्या वहीचा भारी राग आला. तालमीत वाढलेला गडी मी, बायकोकडून आपली दुबळी बाजू लिहून घेऊ? आमची शालन पेन्सिल घेऊन बसली की मी दरडावायचो, "लिही, काय न्हाय." तिनं पानामागून पान 'काही नाही' लिहिलं. साहेबांनी वही चाळली, बंद केली आणि पुढच्या रविवारी स्कूटरवरून उचगावला आले. साहेब स्कूटर कशी चालवत हे ज्यांनी पाहिलंय त्यांना यातलं धाडस कळेल! घरी येऊन ते माझ्याशी हवापाण्याचं बोलले आणि शालनशी मात्र चुलीपाशी तासभर बसले. काय बोलले ते दोघांनीही मला सांगितलं नाही.

मग माझी साक्ष झाली. मुद्दा सरळ होता. प्रेसवरचं काम मला पुन्हा जमणार का? जमणार नाही हे ठरलं तर पूर्ण भरपाई, नाहीतर बोटांपुरती तुटपुंजी. पदरात दोन पोरी, आणि कारखान्याचं दार बंद. कंपनीच्या वकिलांनी फार गोडीनं विचारलं, तुम्ही तालमीतले, अजून कष्टाची कामं करता ना? आणि माझ्या छातीत हवा भरली.

"व्हय की साहेब! पोतं उचलतो अजून!"

न्यायाधीशांनी ते लिहून घेतलं. मागच्या बाकावर शालननं तोंडाला पदर लावला. आपण काय बोलून बसलो हे तेव्हा मला कळलं, पण तोंडातून गेलेला शब्द काय परत येतोय?

आता साहेब माझी खरडपट्टी काढणार असं वाटलं. ते शांतपणे उठले आणि त्यांनी फेरतपासणीची परवानगी घेतली. पोतं पाठीवर कुणी दिलं, असं विचारलं. दोघांनी, मी म्हणालो. उतरवलं कुणी? त्याच दोघांनी. कोर्टात हसू पिकलं. ते विरेपर्यंत साहेब थांबले आणि हळू आवाजात म्हणाले, "चौगुले, आज सकाळी शर्टाची बटणं कुणी लावली?"

मी खिशातला हात बाहेर काढला.

"मंडळीनं," मी म्हणालो. "रोज तीच लावती. भाकरी बी तीच मोडून देती." अपघातानंतर मी पहिल्यांदा खरं बोललो होतो.

दावा आम्ही पूर्ण जिंकलो. पण मला निकालापेक्षा साक्षीच्या दिवशीचा कोर्टाबाहेरचा व्हरांडा जास्त आठवतो. मी रागानं धुमसत होतो. एवढा मोठा वकील, त्यांनी माझ्यापुढं हात जोडले. तुमची लाज मी चारचौघांत काढली, मला माफ करा, म्हणाले. मी रडलो, सांगायला कसली लाज? नंतर त्यांनीच रद्दी कागदांवर माझ्याकडून डाव्या हाताची अक्षरं गिरवून घेतली आणि मला कारकून केलं. चुकलो की अजून ओरडतात, "कारकून आहात की पैलवान?" कागलपासून येणाऱ्या प्रत्येक जखमी कामगाराला वही आता मी देतो, आणि सोबत माझ्या पोत्याची गोष्टही.

गेल्या महिन्यात कोर्टात निघताना साहेबांच्या गळ्यातल्या पांढऱ्या बँडचा हूक मागं लागेना. दोनदा निसटला. मी पुढं झालो तर म्हणाले, "राहू दे, जमतंय मला."

मी म्हणालो, "साहेब, वही आणू का?"

ते खळखळून हसले आणि पाठ वळवून उभे राहिले. एक अंगठा आणि डावा हात, एवढ्या भांडवलावर मी हूक लावला.

साहेब, तुम्हाला शंभरी गाठायची आहे. ठणठणीत राहा, आम्हाला ओरडत राहा. तुमच्या वहीची पानं कोरीच राहोत. आणि कधी लिहायची वेळ आलीच, तर 'काही नाही' असं लिहू नका. हूक लावायला मी आहे.