तात्यांच्या पायातली गोळी

घोंगडीला कुसळं लागतात तसे आमच्या तात्यांचे किस्से मला लागलेत. एक उपटावं तर शेजारी चार! पारावर बसलं की कुणीतरी म्हणतंच, "आबा, तात्यांचं सांगा की." मी सांगतो. लोक हसतात. मीही हसतो, पण मान वर करून नाही.

तात्या म्हणजे माझा बाप. जर्मनच्या पहिल्या लढाईत सरकारनं त्यांना बोटीत घालून अरबांच्या मुलखात, बसऱ्याला नेलं. तिथं ते खेचरं हाकायचे, पाणी वाहणारी. आता आमच्या कळस गावात खेचर कुणी बघितलेलं? लोकांच्या लेखी ते गाढवच! म्हणून घरात आम्ही तो शब्दच काढत नव्हतो. 'तात्या पलटणीत होते,' एवढंच.

मी सांगतो ते एकोणीसशे तीस-पस्तीसच्या आसपासचं. धाकटी बहीण हौसा लग्नाची झाली होती. कळस तेव्हा कोरडं ठाक. आईची हयात डोक्यावर घागरी वाहण्यात गेली. हौसाला कालव्याच्या गावात द्यायची, हे मी मनाशी धरलं होतं. पण कालव्यावरचे बागायतदार आमची पोरगी का करतील? आमच्यापाशी मिरवायला एकच गोष्ट होती, लढाईवर गेलेला बाप. आणि तो बाप असा!

*

एकदा पाटलांनी भर पारावर विचारलं, "तात्या, बसऱ्याला किती मारली?"

तात्यांनी नीट आठवून सांगितलं, "मोजल्या न्हाईत. पर पिसवा लई मारल्या."

सगळा पार खदाखदा हसला. मला तोंड कुठं लपवावं कळेना. दुसऱ्या दिवशी मी हळूच सोडून दिलं, "तात्यांना बोलायची मनाई हाय. सरकारनं शपथ घातलीया."

झालं! आठ दिवसांत गावानं आकडा दीडशेवर नेला.

*

डाळजला माझी सासुरवाडी. मेव्हण्याच्या लग्नात पंगत बसली, पत्रावळीवर खीर पडली, आणि तात्या उठून उभे!

"बैलांना पानी दावलं का?"

कुणीच दाखवलं नव्हतं. पलटणीत ऑर्डर अशी की आधी जनावराला पाणी, मग चारा, मग माणसाचं जेवण. तात्या सरळ विहिरीवर गेले आणि वऱ्हाडाच्या सगळ्या बैलांना पाणी शेंदायला लागले. मानाचा व्याही उठलेला, मग घास कोण घेणार? अख्खी पंगत हात जोडल्यागत बसून राहिली.

सासरे माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "जावईबापू, तुमचं तात्या व्याही म्हनून आल्यात का गडी म्हनून?"

"पलटणीची शिस्त हाय," मी म्हणालो. खीर गार झाली ती झालीच.

*

इंदापूरच्या कचेरीत एकदा गोरा साहेब आला. लढाईवर गेलेल्यांनी मेडल लावून लाइनीत उभं राहायचं होतं. सगळ्यांच्या छात्या चकाकत होत्या. तात्यांची मोकळी.

कारकून ओरडला, "मेडल कुठाय?"

"बैलाच्या गळ्यात हाय, साहेब. बेंदराच्या सणाला घातलं, त्याला शोभलं. मग काढूशी वाटलं न्हाय."

लाइन हसली, कारकून हसला, साहेबाला इंग्रजीत सांगितल्यावर तोही हसला! मी भिंतीआड उभा होतो. तिथून तसाच निघालो, तात्यांना एकटं सोडून. अर्ध्या वाटेत त्यांची गाडी मागून आली.

"बस," ते म्हणाले.

*

आता गोळीचं सांगतो.

तात्या डाव्या पायानं लंगडायचे. खेचरानं लाथ मारली होती. मी बाजारात सांगत सुटलो, "गोळी हाय. अजून आतच हाय!" आणि गोळी लागू पडली की! बारामतीकडच्या एका कालव्याच्या गावातून सांगावा आला. नवऱ्या मुलाचा चुलता रंगराव घरचा कर्ता. तोही बसऱ्याला जाऊन आलेला, सारं गाव त्याला सुभेदार म्हणायचं.

बोलणीला मी आणि तात्या बैलगाडीनं निघालो. वाटेत मी हात जोडले. "तात्या, आज पायाचं कुनी इचारलं तर नुसतं गप ऱ्हावा. हौसासाठी."

तात्यांनी कासरा सैल सोडला.

जाजमावर दहा-बारा माणसं. "आमच्या सुभेदारांनी एकट्यानं खंदक राखला!" असं चाललेलं. तेवढ्यात मिशांना पीळ देत रंगराव आले. तात्यांकडं बघितलं, आणि हात मिशीवरच राहिला.

एक म्हातारा म्हणाला, "तात्या, तुमच्या पायात गोळी हाय म्हनं?"

"गोळी न्हाय. खेचरानं लाथ मारली. मी खेचरं राखायला व्हतो."

"म्हंजी गाढवं?"

"त्यांच्यातलीच," तात्या म्हणाले.

मी जाजमाचे पट्टे मोजायला लागलो. मी खोटा ठरलो ते ठरलो, पण हौसाचा कालवा तिथंच आटला.

म्हातारा काही थांबेना. "मग आमचं सुभेदार तितं दिसलं असत्याल की तुमाला?"

रंगरावांचं तोंड राखेसारखं झालं. माझ्या बापाला खोटं बोलता येत नाही, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक!

तात्यांनी रंगरावांकडं बराच वेळ बघितलं. मग म्हणाले, "दिसलं की. ह्यांच्या जिवावर दोन वर्सं काढली आमी."

रंगराव खाली बघूनच ओरडले, "पोरगी पसंत हाय! साखर वाटा!"

परत येताना कालव्याचा पूल ओलांडला. मग मी विचारलं, "तात्या, रंगराव खरंच खंदकात व्हतं का?"

तात्यांनी बैलांना चुचकारलं.

"आमच्या तंबूत भाकरी त्योच थापायचा. लई झ्याक."