पक्केमामांची स्वच्छ पाठ

पक्के हे त्यांचं आडनाव नव्हे, ती त्यांची सवय. जुन्या गाड्यांच्या सस्पेन्शनचं, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगा-जोडांचं, काम करणारा हा माणूस नट शेवटचा आवळला की मोठ्यानं म्हणायचा, "पक्कं!" ते ऐकलं की मामी, म्हणजे त्यांची बायको, हातातल्या बारीक ब्रशनं त्या नटावर पिवळा ठिपका द्यायच्या. आवळणारा वेगळा, रंग देणारा वेगळा. ही रीत मामांनीच घातली होती आणि सगळ्या गल्लीनं त्यांना पक्केमामा करून टाकलं होतं.

लोकांना वाटायचं, काय शिस्तीचा माणूस! खरं सांगायचं तर मामा भित्रे होते. शिकाऊ असताना त्यांच्या उस्तादाच्या हातून दाबून धरलेली स्प्रिंग सुटली आणि छताचा पत्रा फाडून गेली. मध्ये कुणी नव्हतं म्हणून बरं. पण त्या दिवशी मामांच्या मनात जी भीती बसली ती तिथंच राहिली. दाराचं कुलूप ते इतक्यांदा ओढून बघायचे की मामी म्हणायच्या, "अहो, तुम्हीच तोडाल ते. चोराला काही कामच ठेवू नका."

लेक कुणावर गेली होती देव जाणे. भीती नावाची गोष्ट तिच्या गावीच नव्हती. नोकरी लागल्यावर तिनं भंगारवाल्याच्या तोंडातून एक जुनी दोन दारांची गाडी ओढून आणली. लांब नाक, आठ सिलेंडरचं इंजिन, सुरू केलं की खिडकीच्या काचा थरथरायच्या. इंजिन वाघाचं, पण पाय लटपटते. ब्रेक मारला की नाक जमिनीला लागायचं, आणि वळणावर अशी कलायची की शेजारी बसलेला माणूस दाराची मूठ धरून देवाचं नाव घ्यायचा. "बाबा, हिला पाय द्या," लेक म्हणाली. तिला ती गाडी डोंगरावरच्या रस्त्यानं पळवायची होती.

मामांनी आज-उद्या करत बरंच टाळलं. शेवटी कामाला हात घातला, तेव्हा मात्र काही कसर ठेवली नाही. कडक स्प्रिंगा, धक्के झेलणारे नवे शॉक, नवे रबरी बुश.

या बुशांची एक खोड असते. चाकाला धरून ठेवणारे जे लोखंडी आर्म, त्यांच्या मुळाशी ते बसतात. गाडी उचललेली, चाकं लोंबकळत असताना त्यांचे बोल्ट आवळले, तर गाडी खाली येताच रबर पिळवटतं आणि लवकरच फाटतं. म्हणून नट आधी नुसते हातानं बसवायचे, गाडी चाकांवर उभी करायची, दाबून-हलवून बसू द्यायची, आणि मग फरशीवर उताणं पडून, सरपटत खाली जाऊन आवळायचे. त्यामुळे मामांच्या शर्टाची पाठ कायम काळी. मामींचा निम्मा संसार त्या पाठी घासण्यात गेला होता.

त्या सकाळी गाडी वर उचललेली होती. मामांनी पुढच्या दोन्ही बाजूंच्या आर्मचे नट हातानं बसवले होते. लेक दारात किल्ली खुळखुळवत उभी.

"बाबा, झालं का?"

"पक्कं, पक्कं! दम धर की जरा!"

सवयीनं निघून गेलं तोंडातून. पलीकडं मामी ब्रश घेऊन बसल्याच होत्या. त्यांनी शब्द ऐकला आणि दोन्ही बाजूंना ठिपके दिले. मामा तोवर मागच्या शॉककडे गेले होते. गाडी खाली आली तेव्हा त्यांनी वाकून पाहिलं, पिवळं दिसलं, आणि त्यांचा जीव भांड्यात पडला. आयुष्यभर ते स्वतःवर संशय घेत आले, पण पिवळ्या ठिपक्यावर कधी घेतला नव्हता. लेक गाडी घेऊन डोंगराकडे गेली.

जेवायच्या आधी मामांनी शर्ट बदलला. मामींनी तो उचलून उलटा केला आणि खूश होऊन म्हणाल्या, "अगं बाई! आज पाठ कशी स्वच्छ?"

म्हणजे आज मामा गाडीखाली गेलेच नव्हते. पुढचं सगळं त्यांना एकदम दिसलं: हातानं फिरवलेला नट खड्ड्याखड्ड्याला सैल होत जाणार, बोल्ट सरकणार, आणि कुठल्यातरी उतारावर ब्रेक मारताच चाक आत मुडपणार.

फोन लावला. वाजत राहिला. गाडी चालवताना फोन घ्यायचा नाही, हे तिला त्यांनीच बजावलेलं.

दोघं गॅरेजच्या छोट्या टेम्पोत बसून निघाले. तो शर्ट मामींच्या हातातच राहिला होता.

"मी एकदा विचारायला हवं होतं हो," मामी म्हणाल्या.

"तू काय विचारणार? शब्द माझा होता."

रस्ता डोंगराला लागला तशी मामांची नजर पुढे जाईना. ती कठड्यालाच चिकटली होती. कुठं कठडा वाकलेला, कुठं टायरचे काळे पट्टे. एका वळणावर पट्टे थेट खडीत शिरलेले दिसले. मामांनी टेम्पो थांबवला, पण त्यांना उतरवेना. शेवटी मामी उतरल्या, कठड्यावरून खाली बघून आल्या. "जुने आहेत," एवढंच म्हणाल्या आणि आत बसून रडू लागल्या.

आणखी वर, रस्ता रुंद होतो तिथं, ती लांब नाकाची गाडी उभी होती. शेजारी लेक पाठमोरी. तिच्या पांढऱ्या शर्टाची पाठ मानेपासून कमरेपर्यंत काळी होती.

मामांना ती पाठ पाहून रडूच फुटलं.

"ब्रेक मारला की खालून ठक् व्हायचं," लेक सांगू लागली. "आधी वाटलं दगड उडाला. परत झालं, मग थांबले. डिकीतली पान्यांची पेटी काढली आणि खाली गेले." ती जरा थांबली. "नट बोटांनी फिरत होते, बाबा. ठिपका होता, तरी."

ती रागावली नव्हती. रागावली असती तर मामांना बरं वाटलं असतं.

ते डांबरावर उताणे पडले आणि खाली सरकले. एकेका नटाला पाना लावून ओढला. एकही हलला नाही. पोरीनं गाडी चाकांवर उभी असतानाच आवळले होते, जसे आवळायचे तसे.

वर मामी शब्दाची वाट पाहत उभ्या होत्या. मामांनी तोंड उघडलं. ओठ हलले, शब्द काही फुटेना.

लेक खाली वाकली. त्यांच्या हातातून पाना काढून घेत म्हणाली, "पक्कं."

तेव्हापासून गॅरेजात आवळतात मामाच. लेक सुट्टीच्या दिवशी येते, खाली जाऊन पुन्हा पाना लावते, आणि तो शब्दही तीच म्हणते. ती येईपर्यंत गाडी बाहेर जात नाही. गल्ली अजून त्यांना पक्केमामाच म्हणते. हाक आली की मामा ओ देतात, पण आधी दचकतात.