दाजी आणि आप्पांचा कान

आमच्या दाजींच्या हातून आजवर एकही वस्तू न उघडता सुटलेली नाही. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. राहायला शिवाजी पेठेत, नोकरीला पतसंस्थेत, पण जीव सगळा स्क्रूमध्ये अडकलेला. लोक खिशाला पेन लावतात, हे बारका स्क्रूड्रायव्हर लावतात. पहिल्या दिवाळसणाला आमच्याकडे आले तेव्हा आम्ही पाटाभोवती रांगोळी काढून ओवाळायला उभे, आणि जावई गायब! शोधलं तर स्टुलावर चढून दाराची बेल खोलत होते. वरून आम्हालाच विचारतात, "आत काय हाय ते बघितल्याबिगार वस्तू आपली झाली म्हनायचं कसं?"

एकदा पन्हाळ्यावर पिठलं-भाकरी येईपर्यंत त्यांनी माझ्या नव्या गाडीची किल्ली उघडली. तिच्या पोटात काय काय असतं ते मला दाखवत होते, तेवढ्यात गाडी जी बोंबलायला लागली ती थांबेचना. लोक माझ्याकडे गाडीचोराकडे बघावं तसे बघायला लागले. जत्रेत घेतलेली पॉवर बँक तर त्यांनी घरी पोचायच्या आत फोडली. आत बोटभर सेल आणि बाकी सगळी वाळू! वजन लागावं म्हणून भरलेली. मी हबकलो, दाजी मात्र खूश. "डोकं बघा की एकेकाचं," म्हणाले आणि वाळू तुळशीच्या कुंडीत ओतून मोकळे झाले.

असल्या माणसाला सासरे मिळाले आमचे आप्पा. नव्या वस्तूवरचं प्लास्टिक काढलं की ती जुनी होते, अशी आप्पांची पक्की समजूत. आमचा सोफा, फ्रीज, रिमोट सगळे अजून आल्या दिवशीच्या प्लास्टिकमध्येच आहेत. जावई येणार म्हटलं की आप्पा रिमोट उशीखाली घालतात.

आई गेली त्याच सुमारास आप्पांना कमी ऐकू यायला लागलं. बऱ्याच वर्षांनी, मिनतवाऱ्या करून, कानाचं मशीन घेतलं. दुकानात लावून पाहिलं तेव्हा छान ऐकू आलं. पण नवी वस्तू दसऱ्यालाच वापरायला काढायची, म्हणून तोवर ते डबीत राहिलं. दसऱ्याला आप्पांनी स्वतः नवा सेल घातला, हळदकुंकू वाहिलं, मशीन कानात बसवलं, आणि काहीच ऐकू आलं नाही. कान पुरते गेले, असं त्यांनी ठरवूनच टाकलं. पैसे मोजलेत म्हणून मशीन कानात तसंच ठेवायचे, पण हात लावू देत नसत, दुकानातही येत नसत. दाजींपासून ते लांब ठेवायची खबरदारी आम्हीही घेतलीच होती. हळूहळू आप्पांनी बोलणं सोडलं. चारचौघांत नुसते बसायचे आणि सगळे हसले की मागाहून हसायचे. ते बघवत नसे.

मागच्या रविवारी सगळे तांबड्या-पांढऱ्या रश्श्यावर बसलो होतो. "मामा, जरा बघू," म्हणत दाजींनी आप्पांच्या कानातलं मशीन काढलं आणि आम्ही अडवेपर्यंत ताटाशेजारी त्याचे तुकडे मांडलेसुद्धा. माझा घास हातातच राहिला. अक्का उसळली. "अवो, आप्पांचा कान हाय त्यो, मिक्सर न्हवं! जेवताना तरी हात जाग्यावर ऱ्हाऊ द्यात की!"

दाजी ढिम्म. सगळं तपासून झाल्यावर, जो आधी बघायचा तो सेल त्यांनी शेवटी उचलला आणि त्यांचेच डोळे पांढरे झाले. सेलवरचा स्टिकर तसाच होता. तो सोलून हवा लागल्याशिवाय हा सेल चालतच नाही. आप्पांनी नव्या वस्तूचं प्लास्टिक जपलं होतं. झाकण लागेना म्हणून स्टिकरची शेपटी तेवढी कात्रीनं छाटली होती.

दाजींनी स्टिकर सोलला, तुकडे जुळवले, मशीन परत कानात बसवलं. अक्काच्या तोंडाचा पट्टा चालूच होता. आप्पा एकदम ताठ झाले आणि तिच्याकडे टक लावून बघायला लागले. ती घाबरून गप्प झाली.

"थांबलीस का?" आप्पा म्हणाले. "बोल की जावयास्नी अजून. आईचा आवाज आलाय तुला."

अक्कानं पदर डोळ्यांना लावला. मलाही पुढचं धड दिसेना. तेव्हा दाजी उठले, उशीखालचा रिमोट घेऊन आले आणि आप्पांच्या देखत त्याचं प्लास्टिक टराटरा फाडलं. मग खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला.

"अवो, आता त्यो कशाला!" अक्का ओरडली, आणि मग बोलतच सुटली.

आप्पांनी रिमोट वाचवायला हात पुढे केला नाही. ते डोळे मिटून ऐकत बसले होते.