पाच दिवसांचं ‘बरं हाय’

लग्नाला नऊ वर्षं झाली आणि पाळणा काही हलेना, तेव्हा पूर्णेच्या रेल्वे क्वार्टरमधल्या झाडून सगळ्या बायका माझ्यापुरत्या डॉक्टर झाल्या. एक म्हणे अमक्या झाडाची साल उगाळून घे, दुसरी म्हणे नवऱ्याची रात्रपाळी बंद कर. आमचे हे रेल्वेत पॉइंट्समन, गाड्यांचे रूळ बदलून देणारे. माझ्या पोटासाठी ड्यूटी बदलून द्यायला रेल्वे काही माझं माहेर नव्हतं. शेवटी परभणीच्या एका टेस्ट ट्यूब सेंटरची पायरी चढलो.

तिथं एक अभ्यास चालू होता. या उपचारात बाईच्या जिवाला धोका कमी कसा होईल आणि मूल राहण्याची शक्यता कशी वाढेल, याचा. बाईची बीजं काढायची, बाहेर गर्भ तयार करायचा, इथपर्यंत सगळ्यांचं सारखंच. पुढं काही बायकांच्या पोटात तो पाचव्या दिवशी लगेच ठेवायचा, बाकीच्यांचा गोठवून, शरीर शांत झाल्यावर दोन-तीन महिन्यांनी. कुणाचं काय, ते बंद पाकिटातली चिठ्ठी ठरवणार. अभ्यासाची सिस्टर म्हणाली, “यातलं कोणतं चांगलं ते अजून पक्कं कुणालाच माहीत नाही, म्हणून तर अभ्यास.” ही गोष्ट मी शहाणी क्वार्टरमध्ये सांगून बसले. शेजारणीनं कपाळाला हात लावला. “डॉक्टरलाच म्हाईत न्हाई, अन् तू पोट देऊन बसलीस व्हय!”

संमतीपत्र चांगलं दहा-बारा पानांचं. त्यात एक वाक्य होतं: आपण कारण न सांगता केव्हाही बाहेर पडू शकता. मी ते दोनदा वाचलं. सगळ्या संसारात इतकं सभ्य वाक्य मला कुणी ऐकवलं नव्हतं. मी सही केली आणि ह्यांनी मोठ्या जबाबदारीनं पेनाचं टोपण लावलं.

राणीसावरगावहून माझी सासू आली. आमच्यात सासूला आत्या म्हणतात. आत्यांची शाळा चौथीपर्यंत, पण हुकूम कलेक्टरचा. पाकीट उघडायच्या आधी त्यांनी सिस्टरला थांबवलं, कनवटीची कुंकवाची पुडी सोडली आणि पाकिटाला बोट लावलं. सिस्टर बिचारी बघतच राहिली. चिठ्ठी निघाली, ‘लगेच’. आत्या हात जोडून म्हणाल्या, “देवानंच सांगितलं की ओ!” एवढा मोठा अभ्यास, आणि आमच्यापुरता तो तिथंच संपला.

बीजं निघाली एकोणीस. आत्यांचा चेहरा उजळला, डॉक्टरचा गंभीर झाला. एवढी बीजं म्हणजे औषधानं अंडाशय जास्तच चेतलेलं. पोटात पाणी साठू शकतं, दम लागतो, लघवी कमी होते, कधी जिवावरही बेततं, असं त्यांनी नीट समजावून सांगितलं. आत्यांनी त्यातलं एकोणीस तेवढं ऐकलं. मग सिस्टरनं एक डायरी दिली. पाच दिवस रोज सकाळी वजन, पोटाचा घेर, लघवी किती वेळा, उलटी, दम, सगळं लिहायचं आणि फोटो काढून पाठवायचा. काही वेगळं वाटलं तर लगेच फोन करायचा. धोका दिसला तर गर्भ ठेवायचा नाही, गोठवायचा. मग चिठ्ठीत काही का असेना.

घरी आल्यावर आत्यांनी डायरी स्वतःकडं घेतली. “लेकराची वाट बघणाऱ्या बाईनं आपल्या हातानं वंगाळ लिव्हू नये.” आणि स्वतः काय लिहिलं? वजनासमोर, बरं हाय. लघवीसमोर, बरं हाय. ‘दम लागतो का’ यासमोरही, बरं हाय. घेरासमोर मात्र जरा विचार करून लिहिलं, लय बरं हाय. ह्यांनी फोटो काढून पाठवला. बारावी सायन्स झालेला माणूस, एक अक्षर विचारलं नाही.

तिसऱ्या दिवशी परकराची नाडी पुरेना. पोट टम्म फुगलं, दोन घास खाल्ले की मळमळ, आणि आडवं पडलं की श्वास अडकायचा. आत्या माझ्याकडं बघून पदर डोळ्याला लावायला लागल्या. त्यांच्या हिशेबी मी बीजं काढायला ऑपरेशन थेटरात गेले तेव्हाच काम झालेलं, आता पोट दिसायलंय. दुपारी क्वार्टरमधल्या पाच बायका नारळ, खण, तांदूळ घेऊन हजर! गर्भ तिकडं परभणीत काचेच्या बशीत पडलेला, आणि इकडं पूर्णेत माझी ओटी भरायल्या.

मला कळत नव्हतं का? चांगलं कळत होतं. मी स्वतः शाळेत विज्ञान शिकवते. पण याच बायकांनी आजवर कुणाच्या डोहाळजेवणात मला ओटी भरायला पुढं होऊ दिलं नव्हतं. त्या दिवशी त्या माझ्यापुढं वाकल्या, आणि मी पदर पसरला. चौथ्या दिवशी सिस्टरनं फोन केला, “खरंच काही त्रास नाही ना?” मी मध्ये दोनदा दम खाऊन म्हणाले, “बरं आहे, मॅडम.” आत्यांचं सोडा, मी तर धडधडीत खोटं बोलले. खरं सांगितलं असतं तर तो महिना हातचा गेला असता.

पाचव्या दिवशी पॅसेंजरनं परभणीला गेलो. सिस्टरनं काट्यावर उभं केलं. वजन चार किलो जास्त. तिनं डायरी बघितली, मला बघितलं. मी हसून म्हणाले, “सासूबाई लय तूप खाऊ घालायल्या.” हे लगेच म्हणाले, “हो हो, तूपच!” सिस्टर डॉक्टरांना बोलवायला वळली आणि जाता जाता आत्यांना धीर दिला, “आजी, घाबरू नका. डॉक्टर बघतील आणि सगळं ठीक असलं तरच आज गर्भ ठेवतील.”

“आज?” आत्या म्हणाल्या. “अजून ठिवलाच न्हाई?”

“नाही, आजी.”

आत्यांनी माझ्या पोटाकडं बघितलं.  “मंग हिच्या पोटात आत्ता हाय काय?”

 मी त्यांना डोळ्यांनी दटावलं. आत्यांनी ते बघितलं, तरी सिस्टरचा हात धरला. “बाई, मी लिव्हलं ते समदं खोटं हाय. हिला आडवं पडता येईना. काल सकाळपासून लघवीला एकदाच गेली. मला वाटलं लेकरू वाढायलंय.” हे म्हणाले, “आई, गप ना.” त्यावर आत्या असल्या कडाडल्या की बाहेर नंबर लावून बसलेल्या बायका दारात येऊन उभ्या राहिल्या. “तू गप! लेकरू न्हाई झालं तर न्हाई झालं. ही मरायला नको.”

सोनोग्राफीत पाणीच पाणी. आज गर्भ ठेवला आणि राहिला असता तर हे दुखणं आणखी चिघळलं असतं, असं डॉक्टर म्हणाले. गर्भ गोठवला आणि मला भरती केलं. पोटात सुई घालून पाणी काढलं, दोन बाटल्या. हे दाराबाहेर बाकावर बसून चहावर चहा पीत राहिले.

आणि मी काय केलं? दोन दिवस आत्यांशी बोलले नाही. तोंडचा घास त्यांनीच काढला, हाच राग. जीव वाचवला त्या बाईकडं पाठ करून मी भिंतीकडं तोंड करून पडले. त्या पाणी द्यायच्या, मी पेला बाजूला सारायची. कुणाला सांगायची लाज वाटावी इतकं वाईट वागले.

तिसऱ्या दिवशी आत्या खाटेच्या कडेला टेकल्या. पाठीवर हात ठेवून हळूच म्हणाल्या, “लय दुखायलंय का गं?”

“व्हय आत्या,” मी म्हणाले, “लय दुखायलंय. अन् मला लय भ्या वाटायलंय.”

त्या उठल्या आणि सिस्टरला बोलवायला गेल्या.