अजून एक सेकंद

माझी बायको आंघोळीला गेली की आधी पोळते, मग गारठते, मग पुन्हा पोळते. नळ फिरवल्यावर पाणी बदलायला थोडा वेळ लागतो. तेवढं थांबायची तिची तयारी नसते, ती आणखी फिरवते. गंमत म्हणजे हाच विषय ती इतकी वर्षं मुलांना शिकवत आली आहे. फळ्यावर नळाचंच चित्र काढते आणि बजावते, "घाई केली की यंत्र हेलकावे खातं." मी बाथरूमच्या दाराशी उभा राहून तिला हे ऐकवतो. आतून जे उत्तर येतं ते लिहिण्यासारखं नाही.

ती एका संस्थेत रोबोटिक्समधली संशोधक, मी तिथल्याच वर्कशॉपमधला फिटर. विद्यार्थिनी असताना तिने एका छोट्या गाडीवर काठी उभी तोलून धरायचा ध्यास घेतला होता. काठी जिकडे कलेल तिकडे गाडीने पळायचं आणि तिला पडू द्यायचं नाही. काठी रोज पडायची, गाडीचं काहीतरी रोज मोडायचं आणि ही रोज माझ्या टेबलापाशी हजर. वैतागून मी एकदा म्हणालो, "माझ्याशी लग्नच करा, येण्याजाण्याचा त्रास तरी वाचेल." ती तितक्याच गंभीरपणे म्हणाली, "काठी उभी राहिली की सांगते." काठीला अकरा महिने लागले.

काठीनंतर कारखान्यात रंग मारणारा हात आला, मग पाइपांच्या आत शिरणारं यंत्र, मग आणखी काय काय. काम होत आलं की हिचं मन उडायचं. उरलेलं विद्यार्थ्यांच्या गळ्यात घालून ही नव्याच्या मागे. बरोबरीचे लोक एकेका गोष्टीला चिकटून मोठे झाले, हिच्याकडे अर्धवट यंत्रांनी भरलेलं कपाट. मला त्याचा राग यायचा, आणि खरं सांगायचं तर वाईटही वाटायचं.

एक नियम मात्र तिने कधी मोडला नाही. प्रोग्रॅम ज्याने लिहिला त्याने लाल बटण हातात घ्यायचं नाही. ते दाबलं की मोटारींची वीज तुटते. लिहिणाऱ्याला वाटत राहतं, आता सावरेल, आता सावरेल, आणि तोवर नको ते होऊन बसतं. म्हणून बटण माझ्याकडे. बावीस वर्षं मी ते दाबत आलो आणि दर वेळी बोलणी खाल्ली. "अहो, अजून एक सेकंद थांबला असतात तर सावरलं असतं!"

मग सासऱ्यांना झटका आला. छापखान्यात उभ्याने जन्म काढलेला माणूस उजवा पाय लुळा पडून खुर्चीला खिळला. पाय वापरात राहिला नाही तर उरलीसुरली ताकदही जाईल, असं डॉक्टरांनी सांगितलं. बायकोने हातातलं सगळं सोडलं. कंबरेपासून घोट्यापर्यंत पायांना बांधायचा सांगाडा, गुडघ्यांना मोटारी, माणसाला खुर्चीतून उठवून उभं करायचं, बस्स. दोन वर्षं झाली तरी मन उडालं नाही. जेवताना ताटावर बोटं वाजवायची, निम्म्यावर उठून काहीतरी आकडा लिहून यायची. मला भीती वाटायची की हे जमलं नाही तर ही मोडेल.

तपासणी समिती आली त्या दिवशी तिने दोन गोष्टी केल्या. तोल गेलाच तर झेलायला छतापासून सासऱ्यांच्या छातीला बांधलेला पट्टा काढला, कारण पट्ट्याने सगळं खेळण्यासारखं दिसतं म्हणे. आणि मोटारीने किती जोर लावायचा तो आकडा वाढवला, कारण बाबा फार सावकाश उठत होते.

बाबा झटक्यात उठले. समितीतलं कोणीतरी टाळ्या वाजवू लागलं. उजवा गुडघा मागेपुढे थरथरायला लागला, थरथर वाढत गेली. माझा अंगठा बटणावर होता. वेळेत दाबलं असतं तर ते मागच्या खुर्चीत बसले असते. पण बायकोचा चेहरा दिसला, आणि म्हटलं, आज एक सेकंद देऊ तिला. बावीस वर्षांत पहिल्यांदा दिला. बाबा तोंडावर आपटले आणि मनगट मोडलं.

घरी आल्यावर ती कॉम्प्युटरवर त्या क्षणाच्या आलेखाची रेघ बघत बसली. यंत्र सगळं नोंदवून ठेवतं.

"तुम्ही थांबलात," ती म्हणाली.

"हो."

"का?"

"तुझ्यासाठी."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी तिने काम बंद करत असल्याचं पत्र लिहिलं. मला माझा अंगठा नकोसा झाला होता. पत्र सही करून टेबलावर पडलं होतं तेव्हा सासऱ्यांनी प्लास्टरचा हात त्यावर ठेवला आणि विचारलं, "पुन्हा कधी जायचं?"

"नाही जायचं, बाबा."

"पडलो मी. रडतेस तू. हा कुठला न्याय?"

प्लास्टर निघाल्यावर गेलो. या वेळी पट्टा बांधला आणि जोराचा आकडा एवढा खाली आणला की उठायला पाऊण मिनिट लागायचं. त्या पाऊण मिनिटात बायको खोलीभर फिरायची, पेनाचं टोपण चावायची. जावईबुवा, हिला बाहेर पाठवा, असं सासरे म्हणायचे. मोटार फारशी ओढत नसल्यामुळे बाबांनाच जोर लावावा लागे, घाम फुटे, पण एक दिवसाआड आम्ही जात राहिलो.

तिसऱ्या महिन्यातल्या एका सकाळी ते पूर्ण उभे राहिले आणि उजवा गुडघा थरथरला. तिने मागचा पुढचा विचार केला नाही. "दाबा! अहो, दाबा!"

मी दाबलं. मोटारी बंद पडल्या. आता वजन पट्ट्यावर यायला हवं होतं. मी वर पाहिलं, तर बांधलेला पट्टा ताणलाच गेला नव्हता, सैल लोंबत होता.

बायकोलाही दिसलं. ती धावत निघाली होती, ती जागच्या जागी थांबली. माझं तोंड उघडलं तशी तिने माझ्याकडे बघून जोरात मान हलवली. बोलू नका. छापखान्याच्या यंत्रांनी सासऱ्यांचे कान कधीच खाल्ले होते, पाठीमागून हिने ओरडलेलं किंवा मोटारींची घरघर थांबलेली त्यांना कळलंच नव्हतं. समोरच्या भिंतीकडे बघत ते उभे होते. गुडघा थरथरत होता, त्यांचा स्वतःचा.

"आज तुझं मशीन झकास चाललंय गं," ते म्हणाले.

"हो, बाबा," ती म्हणाली, आणि जागची हलली नाही.