लाल खान्यातली माणसं

शहादेवच्या नाकावर राग बसायला येत नाही, तो तिथे राहायलाच आहे, असं त्याची बायको केशरबाई म्हणायची. ती काही खोटं बोलत नव्हती. पेंडीच्या कारखान्यात हजेरीच्या खिडकीमागे त्याने पंचवीस वर्षं काढली, आणि खिडकीसमोर उभा राहून त्याच्या शिव्या खाल्ल्या नाहीत असा कामगार शोधून सापडला नसता.

उमापूरच्या अलीकडे माळावर हा सहकारी कारखाना. जनावरांची पेंड तिथे तयार व्हायची. मालकी शेकडो सभासदांची, पण शब्द चालायचा एकट्या चेअरमन माणिकरावांचा. आपल्याकडे सहकाराचा अर्थ असाच झालाय, सगळ्यांचं मिळून एकाचं. कुणाला राग येऊ नये म्हणून लोक हे हळू बोलतात. शहादेव मोठ्याने बोलायचा, पण बाकी कामात चोख होता म्हणून टिकला.

दोन हजार सोळाचा उन्हाळा होता. गोदावरीत वाळूशिवाय काही उरलं नव्हतं, आणि ती वाळूही ट्रक भरभरून चालली होती. कापूस पिकला नाही म्हणून सरकी नाही, सरकी नाही म्हणून पेंड नाही. माणसं कमी करायची ठरली. पण माणिकरावांना कुणाचे तळतळाट नको होते. त्यांनी शहादेवला बोलावून सांगितलं की मस्टर बंद कर आणि हजेरी कॉम्प्युटरवर घे. सतत उशिरा येणाऱ्यांची यादी यंत्रातूनच निघाली पाहिजे, म्हणजे माणिकरावांनी काढलं असं कुणी म्हणणार नाही.

शहादेवने ते काम मनावर घेतलं. मस्टरवरची लबाडी त्याने आयुष्यभर पाहिली होती. मेव्हण्याची सही मेव्हणा ठोकायचा, आणि चेअरमनचा पुतण्या तर आठवड्याच्या सह्या एकदम करून जायचा. नातं न ओळखणारी हजेरी असावी ही त्याची जुनी इच्छा. दोन बोटांनी टाइप करत त्याने एक्सेलमध्ये तक्ता मांडला. उभी नावं, आडव्या तारखा, प्रत्येक खान्यात आल्याची वेळ. आठ वाजून दहा मिनिटं झाली की खाना आपोआप लाल. पहिल्यांदा सूत्र चुकलं आणि रविवारही गैरहजेरीत धरला गेला, तेव्हा अख्खा कारखाना लाल झाला. शहादेवने कॉम्प्युटरला अशा काही शिव्या घातल्या, की हा भांडतोय तरी कुणाशी ते बघायला वजनकाट्यावरचा आश्रुबा धावत आला.

तक्ता जमला तेव्हा मात्र पहिल्याच आठवड्यात चेअरमनचा पुतण्या लाल निघाला. तो तावातावाने खिडकीशी आला. शहादेवने त्याला सांगितलं की तक्रार यंत्राला सांग. त्या दिवशी तो घरी जाऊन केशरबाईशी चक्क हसून बोलला.

पुतण्याच्या खाली दुसरं नाव होतं, भिवराबाई. ती पोती शिवायची. दिवसामागून दिवस तिचा खाना लालच. तिने खिडकीशी येऊन सांगितलं, की निळ्या झेंड्याच्या वस्तीवर टँकर फार उशिरा येतो. दारातलं टिपाड भरून घेतल्याशिवाय घर सोडता येत नाही, आणि सासूला डोळ्यांनी दिसत नाही. शहादेव म्हणाला, टँकर सगळ्याच गावाला आहे, गावातल्या बाया बऱ्या वेळेवर येतात. तिने पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा रांगेतल्या सगळ्यांदेखत तो खेकसला, की पाण्याचं गाऱ्हाणं ग्रामपंचायतीत घाला, इथे फक्त वेळ सांगा. त्यानंतर ती वेळ तेवढी सांगायची.

महिना भरला आणि यादी निघाली. पुतण्याचं नाव माणिकरावांनी स्वतः पेनाने खोडलं. आता सगळ्यात वर भिवराबाई राहिली. पंधरवड्यावर संचालकांची सभा होती आणि तिथे तिला काढणार हे नक्की झालं. त्या उन्हाळ्यात शेतात काम नव्हतं, बांधकामं पाण्यावाचून बंद होती. इथून काढलं की तिच्या घरची चूल थंड होणार हे सगळ्यांना कळत होतं.

पुतण्याचं नाव खोडलेलं शहादेवला झोंबलं. पण त्याहून जास्त झोंबलं ते भिवराबाईचं गप्प राहणं. ती विनवण्या करायला आली असती तर तो चार शिव्या घालून मोकळा झाला असता. ही बाई खोटं बोलते हे एकदा डोळ्यांनी पाहू म्हणून तो पहाटेच मोटारसायकल काढून वस्तीकडे गेला.

वस्तीवर दारोदार रिकामी टिपाडं मांडलेली होती आणि बाया त्यांच्याजवळ बसून होत्या. लांबून टँकर आला, गावातून पुढे निघाला आणि फाट्यावरून वस्तीकडे यायच्या ऐवजी पाणंदीने आत वळला. शहादेव मागोमाग गेला. आत मोसंबीची बाग होती. टँकरचा पाइप आळ्यांत सोडलेला होता आणि झाडं गारेगार उभी होती. बाग माणिकरावांची, हे विचारायची गरज नव्हती. सरकारी टँकरचा ठेकाही माणिकरावांच्या मेव्हण्याकडेच होता. ड्रायव्हर बिडी ओढत म्हणाला, आधी बाग, मग वस्ती, हे रोजचंच आहे. सांगताना त्याला काही वाटलंही नाही.

शहादेव पेटला. माणसांनी कोरड्या टिपाडाशी ताटकळायचं, तेवढ्यात यांच्या मोसंब्या पाणी पिणार, आणि वर उशीर झाला म्हणून त्याच बायांना हाकलायचं. त्यासाठी हत्यार कुणी घासून दिलं, तर शहादेवने. चौकीदारानेच चोराला किल्ली घडवून द्यावी तसं झालं होतं. त्या रागात त्याने कुणाला शिवी दिली नाही. ऑफिसात येऊन तक्ता उघडला आणि भिवराबाईच्या वर एक नवी ओळ घातली. विभाग, पाणीपुरवठा. वेळेवर येणं म्हणजे दिवस उजाडताना वस्तीवर येणं. मग सभेपर्यंत रोज पहाटे तो फाट्यावर जाऊन उभा राहिला आणि परत आल्यावर टँकरची वेळ टाकत गेला. एकजात सगळे खाने लाल झाले.

सभेत माणिकरावांनी चहा ढवळत यादी वाचायला सांगितली. शहादेवने वाचलं. पहिला क्रमांक, पाणीपुरवठा विभाग, एक दिवसही वेळेवर हजर नाही.

"एक दिवसबी न्हाई?" माणिकराव कपातून नजर न काढता म्हणाले. "मंग इचारतो कावून? काढून टाक. असली मानसं ठिवून सहकार बुडतो."

"मानूस न्हाई साहेब, टँकर हाय," शहादेव म्हणाला. "वस्तीच्या आदी तुमच्या मोसंबीला जातो. म्हनून आपल्या बाया उशिरा येत्यात. काढायचा आसंल तर ठेका तुमच्या मेव्हण्याचा हाय, तुमीच सांगा त्यांला."

मग कोपऱ्यातले म्हातारे संचालक विठ्ठलराव हसायला लागले, आणि त्यांना आवरता आवरेना. सभा तिथेच उठली. दिवस मावळायच्या आत ही गोष्ट गेवराईच्या बाजारात पोहोचली होती. दुसऱ्या दिवशी टँकर गावाच्याही आधी वस्तीवर उभा राहिला. यादी बासनात गेली, आणि शहादेवची बदली गोदामावर करा असा हुकूम आला, पहिल्या तारखेपासून.

बदलीचं त्याला काही वाटलं नाही. भिवराबाई आठच्या आधी खिडकीशी आली तेव्हा त्याची छाती फुगलेली होती. आज तुमचा खाना पांढरा, असं त्याने तिला आपण होऊन सांगितलं. ती दोन शब्द बरे बोलेल असं त्याला वाटलं होतं.

"भाऊ, हेच म्या तुमाला तीनदा सांगितलं व्हतं," ती म्हणाली. तिचा आवाज चढलेला नव्हता, पण डोळे रागाने भरले होते. "तवा मी खोटी. आन मोसंबी बगून आल्यावर खरी झाले व्हय? माज्या तोंडाच्या शबदाला काईच किंमत न्हाई?"

रांगेतल्या सगळ्यांनी ते ऐकलं. शहादेवला राग आला, पण तो कुणावर काढायचा हे त्याला कळेना. भिवराबाईने वेळ सांगितली आणि ती पोती शिवायला आत गेली. त्याने मान खाली घालून ती वेळ खान्यात टाकली.