आईच्या फोटोचे रंग उडवताना

घरातला प्रत्येक कागद लॅमिनेट करायचा, हा बाबांचा धर्म. रेशनकार्ड, गिरणीचा पास, मला शाळेत चित्रकलेत मिळालेलं उत्तेजनार्थ बक्षिसाचं प्रमाणपत्र, सगळं प्लास्टिकमध्ये. त्यामुळे एक दिवस ते आईचा जुना फोटो घेऊन घाटकोपर स्टेशनबाहेरच्या दुकानात गेले, यात नवल नव्हतं. पण तो लग्नानंतर जुहूला काढलेला, कॅमेऱ्यातून लगेच बाहेर येणारा फोटो. त्याला निगेटिव्ह नसते. मशीनच्या गरमीने त्याची पार वाट लागली. आईच्या जागी तपकिरी फोड उरले.

आई जाऊन बरीच वर्षं झाली. बाबांची स्मृती हल्ली विरत चाललीय, पण ताटासमोर तो फोटो उभा करून आधी तिला जेवायला सांगायचं, हे चुकत नव्हतं. फोटो गेला आणि बाबांनी जेवण सोडलं. तिचे दुसरे फोटो दाखवले तर म्हणायचे, "ही कोण?" चहा-बिस्किटांवर म्हातारा माणूस कितीसा तगणार? मी रडकुंडीला आले होते.

मग मामीच्या अल्बममधला आईचा त्याच वयातला फोटो स्कॅन करून लॅपटॉपवर घेतला. लालभडक पदर विटकरी केला. केसांचा काळेपणा काढून हिरवट झाक भरली, कडा धूसर केल्या, खाली जुन्या फोटोला होती तशी रुंद पांढरी पट्टी सोडली. टवटवीत आईला मी माझ्या हाताने फिकी करत होते आणि देवाला विनवत होते, बाप्पा, एवढं जमू दे. छापून आणलेला पहिला फोटो बाबांनी बाजूला सारला. दुसराही. मी चिडून लॅपटॉप आपटला, पुन्हा उघडला.

दुपारी वरणभात वाढून नवा फोटो पेल्याला टेकवला. बाबांनी तो उचलून खिडकीकडे नेला, खालची पट्टी अंगठ्याने चाचपली.

"ही ती न्हय," ते म्हणाले.

मी ताट त्यांच्याकडे सरकवलं. "बाबा, दोन घास खा हो. पाया पडते तुमच्या."

ते फोटोकडे बघतच राहिले. "घराक इली हा, तर उपाशी कशी धाडूची? आधी हिका वाढ गो."

मी दुसरं ताट मांडलं. बाबांनी फोटो त्यापुढे उभा केला आणि आपल्या ताटावर बसले.

"जेवा बाय, लाजू नकात," बाबा फोटोला म्हणाले आणि स्वतः भात कालवू लागले. मी त्यांना पोटभर वाढलं. आईशी ते आयुष्यात पहिल्यांदा अहोजाहो बोलत होते.